गाडीत पेट्रोलचा वास: पाइप, क्लिप, रिंग की स्मोक टेस्ट, पैसे कशावर खर्चावेत?

गाडीत पेट्रोलचा वास येतो म्हणून गॅरेजला गेलं की ठरलेले तीन इलाज पुढे येतात: परफ्यूम लावा, टाकीतला पंप बदला, नाहीतर पुट्टी मारून बघू. परफ्यूमने वास झाकला जातो, गळती तशीच राहते. पुट्टी पेट्रोलपुढे टिकत नाही. आणि पंप बदलून वास गेलाच, तर बहुतेक वेळा तो पंपामुळे नव्हे, पंपासोबत आलेल्या नव्या रबरी रिंगमुळे गेलेला असतो. काही हजारांच्या जागी काही शेकड्यांत काम झालं असतं.

या दुखण्यावर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या काउंटरवर आणि ऑनलाइन जे जे विकलं जातं, त्याची ही पारख. कंपन्यांची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत. मालावरची खूण ओळखता आली की नावाची फारशी गरज उरत नाही.

खरेदीला निघण्याआधी वास नेमका कधी येतो ते धरा. टाकी फुल्ल केली की येतो आणि पाव टाकी उतरली की जातो, तर गळती टाकीच्या माथ्यावर आहे: पंपाच्या झाकणाची रिंग, वरचे बाष्पाचे पाइप, किंवा पेट्रोल भरायच्या तोंडापासून टाकीपर्यंत येणारा जाड रबरी पाइप. फुल्ल टाकीने पन्हाळ्याच्या किंवा जोतिबाच्या चढाला लागल्यावर वास सुरू झाला तरी संशय तिथेच. चढावर पेट्रोल टाकीच्या मागच्या अंगाला जातं आणि एरवी कोरडी राहणारी जोडणी भिजते.

सकाळी पहिल्या स्टार्टला बॉनेटकडून वास येतो आणि इंजिन तापलं की थांबतो, तर इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या रबरी ओ-रिंगा किंवा इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीकडचा, म्हणजे रेलकडचा पाइप बघा. थंडीने आखडलेलं जुनं रबर तापलं की पुन्हा फुगून बसतं. सिग्नलला उभं असताना येतो आणि गाडी पळू लागली की जातो, तर बॉनेटखालची वाफ पुढच्या काचेच्या तळाशी असलेल्या जाळीतून ब्लोअर आत ओढतोय. याची खात्री करायला ब्लोअरचा खटका बाहेरच्या हवेवरून आतल्या हवेवर करा. वास कमी झाला तर उगम पुढे, बॉनेटखाली. वाढला तर मागच्या सीटखाली किंवा डिकीत.

काचा उघड्या ठेवून पळताना मागून धुरकट, डोळे चुरचुरवणारा वास आला, तर ते पेट्रोल नव्हे, सायलेन्सरचा धूर आहे. पळत्या गाडीमागे हवेचा दाब कमी होतो आणि डिकीच्या फाटक्या रबरातून किंवा टेललॅम्पच्या पॅकिंगमधून धूर आत येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो, म्हणून हे प्रकरण पेट्रोलच्या वासापेक्षाही तातडीचं. सीएनजीच्या गाडीत कुजकट वास आला तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, दारं उघडा आणि अधिकृत केंद्र गाठा. त्या सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत दाब असतो. तिथे पाना घालायचा नाही.

नाक काही मिनिटांत वासाला सरावतं, म्हणून गाडीत बसून शोध घेऊ नका. रात्रभर काचा लावून ठेवा आणि सकाळी एकेक दार उघडताच पहिला श्वास घ्या: आधी मागचं दार, मग डिकी, शेवटी बॉनेट. ऑइलची डिपस्टिकही ओढून हुंगा. तिला पेट्रोलचा वास असेल आणि ऑइलची पातळी आपोआप वाढली असेल, तर इंजेक्टर ठिबकतोय, किंवा जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत पंपाचा पडदा फाटून पेट्रोल इंजिन ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतंय. अशी गाडी चालवायची नाही, पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं.

आता विकत मिळणाऱ्या वस्तू. लवचिक मानेचा गॅस डिटेक्टर ऑनलाइन दोन-तीन हजारांच्या आसपास मिळतो. मोकळ्या हवेत चालू करून सेन्सर तापू द्यायचा, मग टोक जोडण्यांपाशी फिरवायचं. वाफ मिळाली की टिकटिक वाढते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, त्यामुळे टोक जोडणीच्या खालच्या अंगाला धरावं लागतं. वरून फिरवून ‘काही नाही’ म्हणणारे पुष्कळ. मोठी उणीव अशी की परफ्यूम, थिनर, सॅनिटायझर, ब्रेक क्लीनर, सगळ्यालाच तो ओरडतो. आरशाला परफ्यूमची बाटली टांगलेल्या गाडीत त्याचा उपयोग शून्य. गॅरेजवाल्याने घ्यावा, घरच्या एका गाडीसाठी पैसे घालू नयेत. घरी पांढरा टिश्यू जोडणीभोवती गुंडाळून हुंगला किंवा बाष्पाच्या पाइपाला साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघितले तरी बरंच कळतं.

टाकीच्या पंपाची रिंग ही या सगळ्या यादीत सर्वांत कमी पैशांत सर्वांत जास्त काम करणारी वस्तू. बऱ्याच हॅचबॅकमध्ये मागच्या सीटचा बसायचा भाग उचलला की पत्र्याचं लहान झाकण दिसतं: तीन-चार स्क्रू आणि कडेने काळी चिकट पट्टी. पंपाचं काम आधी झालेल्या गाडीत ही पट्टी निम्मी फाटलेली आणि झाकण दोनच स्क्रूंवर टेकवलेलं सापडतं. मग टाकीच्या माथ्यावरची जरा जरी वाफ असली तरी ती थेट सीटखाली. झाकण उघडल्यावर आत बोटभर धूळ असते. त्या धुळीत पंपाच्या कडेने गडद, ओलसर वर्तुळ दिसलं की शोध संपला.

रिंग बदलताना जुनी परत बसवायचा मोह टाळा. वर्षानुवर्षं पेट्रोल पिऊन ती फुगलेली असते. काढली की खाचेपेक्षा मोठी भरते, कुठेतरी दुमडते आणि तिथूनच नवी गळती सुरू होते. नवी रिंग गाडीच्या मॉडेलप्रमाणे, पार्ट नंबर सांगून घ्या. ‘मापाला मिळतीजुळती’ म्हणून दिलेली साधी ओ-रिंग नको, तिचा छेद आणि रबर दोन्ही वेगळे असू शकतात. खाच कापडाने कोरडी पुसा, रिंगला स्वच्छ इंजिन ऑइलचं बोट लावा. ग्रीस नको, आणि सिलिकॉन सीलंट तर अजिबात नको. सीलंट पेट्रोलमध्ये फुगून सुटतो आणि त्याचे तुकडे टाकीत पडून पंपाच्या जाळीत अडकतात. पंप टाकीवर धरून ठेवणारी प्लॅस्टिकची मोठी चकती सोडवायला स्क्रूड्रायव्हर आणि हातोडा वापरणारा फिटर दिसला तर थांबवा. लोखंडावर लोखंड आपटलं की ठिणगी उडू शकते. त्या चकतीसाठी पाना मिळतो, नसेल तर लाकडी ठोकळा.

काम सुरू करण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू करायचं आणि आपोआप बंद पडू द्यायचं, म्हणजे लाइनमधला दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह तार. टाकी पाव किंवा त्याहून कमी. जागा मोकळी, सर्व्हिसच्या खड्ड्यावर नाही, कारण जड वाफ खड्ड्यात साठते. घराच्या पोर्चमध्ये काम असेल तर परसातला बंब विझलेला हवा, ही गोष्ट लक्षात राहत नाही म्हणून इथे लिहिली. पावडरचा अग्निशामक हाताशी असावा.

पेट्रोल पाइपावर मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण सर्वांत जास्त फसगत इथेच होते. काउंटरवर ‘आठ एमएमचा पेट्रोल पाइप’ मागितला की रोलमधून कापून देतात. मापाला बरोबर, बसायलाही सोपा. पण पाइप गळत नाही म्हणजे तो वास सोडत नाही असं नाही. रबरातून पेट्रोल झिरपून बाहेर उडतं, आणि हे झिरपणं किती चालेल याच्या मर्यादा एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे३० या मानकात दिलेल्या आहेत. आर६ वर्गाला चौरस मीटरमागे दिवसाला ६०० ग्रॅम, आर७ ला ५५०, आणि आर९ ला फक्त १५. आठ एमएम आतल्या व्यासाचा अर्धा मीटर तुकडा धरला तर आतलं क्षेत्रफळ साधारण ०.०१२६ चौरस मीटर भरतं. म्हणजे त्या मर्यादेपर्यंत गेलेला आर७ पाइप दिवसाला जवळजवळ ७ ग्रॅम पेट्रोल हवेत सोडू शकतो, आणि आर९ ग्रॅमचा पाचवा हिस्साही नाही. बंद पोर्चमध्ये उभ्या गाडीला सात ग्रॅम म्हणजे सकाळी दार उघडताच ओळखू येणारा वास. पाइप नवा, क्लिपा नव्या, कुठे थेंब नाही, तरी वास जात नाही, या तक्रारीचं उत्तर बहुधा एवढंच असतं.

दाबाचाही हिशेब आहे. एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या गाडीत इंजिनकडे जाणाऱ्या लाइनमध्ये ३ ते ४ बार, म्हणजे ४४ ते ५८ पीएसआय दाब असतो. आर६ आणि आर७ ची कामाची मर्यादा ५० पीएसआय, आर९ ची १००. तेव्हा कार्बोरेटरच्या गाडीला किंवा बिनदाबाच्या लाइनला आर७ चालून जाईल, पण इंजेक्शनच्या गाडीला आर९ शिवाय काही लावू नये. आर९ साध्या पाइपापेक्षा काही पट महाग पडतो, पण लागतो तो अर्धा-एक मीटर. इथे काटकसर करणं शहाणपणाचं नाही. टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडून राहणारा तुकडा आणखी वेगळा, आर१० वर्गाचा. बाहेरचा आर९ तिथे वापरला तर त्याचं बाहेरचं आवरण पेट्रोलमध्ये मऊ पडतं.

ओळखायचं कसं? पाइपावर छापलेलं वाचा. मानक, वर्ग, आतलं माप आणि बनवल्याची तारीख असते. काहीच छापलेलं नसेल तर तो कमी दाबाचा समजून परत द्या. कापलेल्या तोंडाकडे उजेडात बघा: आर९ मध्ये अगदी आतल्या बाजूला पातळ, वेगळा थर दिसतो. तोच फ्लुओरो रबराचा, त्याचेच पैसे.

उद्यमनगरात आणखी एक सल्ला मिळतो: ‘हायड्रॉलिकचा घ्या, फुटणारच नाही.’ कारखान्यांमुळे इथे हायड्रॉलिक पाइप गल्लीगल्लीत कापून, क्रिम्प करून मिळतो आणि तो फुटणार नाही हेही खरं. पण त्याचं आतलं रबर ऑइलसाठी असतं, पेट्रोल त्यातून झिरपतं. शिवाय त्या पाइपांच्या श्रेणीलाही १०० आर१, १०० आर२ अशीच नावं असल्याने काउंटरवर नुसतं ‘आर’ नंबर म्हणून भागत नाही, ‘जे३० आर९’ असं पूर्ण सांगा. निळा-लाल सिलिकॉनचा पाइप दिसायला देखणा असतो, तो कूलंटसाठी ठीक. पेट्रोल त्यातून सर्वांत जास्त झिरपतं. पारदर्शक पीव्हीसी नळी काही महिन्यांत कडक होऊन तडकते. ही दोन्ही गाडीच्या आसपासही नकोत.

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांचं रबर-प्लॅस्टिक त्याला चालेल असं धरलेलं आहे. त्याआधीच्या, विशेषतः दहा-पंधरा वर्षांच्या गाड्यांत मूळ पाइप बाहेरून धड दिसला तरी वाकवून बघा. वळणाच्या बाहेरच्या बाजूला बारीक चिरा उघडल्या तर बदला. नव्या गाड्यांत रबराऐवजी कडक नायलॉनचा पाइप आणि टिचकन बसणारे कनेक्टर असतात. तो पाइप कापून मधे रबराचा तुकडा आणि दोन क्लिपा घालणं ही जुगाडाची हद्द झाली. गुळगुळीत नायलॉनवरून दाबाखाली रबर सरकतं. तिथे कंपनीचा पूर्ण पाइपच घ्यावा.

क्लिपांबद्दल थोडक्यात. पाण्याच्या पाइपाला वापरतात ती खाचा असलेली स्क्रूची क्लिप बारीक पाइपावर पूर्ण गोल बसत नाही आणि तिच्या खाचा रबर कापतात. अखंड पट्टीची, कडा बाहेर वळवलेली, नट-बोल्टची फ्युएल इंजेक्शन क्लिप मागा. आठ एमएमच्या पाइपाला साधारण १४ ते १६ एमएमची, पण पाइपाचं बाहेरचं माप मोजून घ्या. पट्टीच्या दोन्ही बाजूंना रबर किंचित फुगलं की थांबायचं. जोर काढून आवळली की आतला पातळ थर चिरतो आणि आर९ घेतल्याचा फायदा संपतो.

आता कॅनिस्टर. टाकीतली वाफ धरून ठेवणारा हा कोळशाचा डबा. पेट्रोल पंपावर नोझल आपोआप कट झाल्यावर राउंड फिगरसाठी आणखी शंभराचं ढोसायची जी आपल्याकडची सवय आहे, तिचा हा बळी. जादा पेट्रोल बाष्पाच्या पाइपातून डब्यात उतरतं, कोळसा भिजतो, मग तो वाफ धरू शकत नाही. पेट्रोल भरल्यावर लगेच गाडी स्टार्ट व्हायला कुरकुरते आणि वासही येतो, ही जोडगोळी दिसली की कॅनिस्टर तपासा. काढून हलवला तर पेट्रोलचा आवाज नको, आणि डब्यातली वाफ इंजिनकडे सोडणाऱ्या पर्ज व्हॉल्व्हकडच्या तोंडातून काळे कण यायला नकोत. पर्ज व्हॉल्व्ह करंट नसताना बंद असतो; काढून फुंकल्यावर हवा आरपार गेली तर तो अडकलेला आहे. असे सुटे भाग जुन्या बाजारातून आणण्यात अर्थ नाही, भिजलेला कोळसा बाहेरून दिसत नाही. नवा कॅनिस्टर महाग पडतो, म्हणून आधी कट झाल्यावर थांबायची सवय लावा आणि दोन-तीन टाक्या जाऊ द्या; थोडाच भिजला असेल तर इंजिन वाफ ओढून घेतं आणि तो सावरतो.

स्मोक टेस्ट या सेवेबद्दल मत चांगलं आहे, अटींसह. बाष्पाच्या लाइनमध्ये तेलाचा पांढरा धूर अगदी कमी दाबाने, अर्ध्या पीएसआयच्या आसपास सोडतात आणि टॉर्च मारून तो कुठून निघतो ते बघतात. सुईच्या टोकाएवढी गळतीही दिसते. स्कॅनरमध्ये बिघाडाचा कोड नाही म्हणून गळती नाही असं समजू नका. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्या बाष्पाची गळती स्वतः तपासतच नाहीत. पैसे देण्याआधी दोन प्रश्न विचारा. धूर कशाने ढकलता? नायट्रोजन म्हणाले तर उत्तम. कॉम्प्रेसरची हवा म्हणाले तर गाडी वळवा, कारण टाकीतल्या वाफेत हवा मिसळली की तीच स्फोटक होते. दुसरा, कॅनिस्टरचं हवेकडचं तोंड बुजवता का? ते उघडं ठेवलं तर धूर तिथूनच निघत राहतो, लाइन दाब धरत नाही आणि गळती काही सापडत नाही. टाकी निम्मी रिकामी नेली तर निकाल चांगला लागतो. एक मर्यादा ध्यानात ठेवा: दाबाच्या लाइनमधली, म्हणजे पंपापासून रेलपर्यंतची गळती या टेस्टमध्ये दिसत नाही. तिथे गेज लावून दाब किती वेळ टिकतो ते बघावं लागतं.

कोल्हापूरच्या गाड्यांना दोन दुखणी जादा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या टाकी आणि पत्र्यामधे बसलेला गाळ ओल धरून ठेवतो आणि लोखंडी पाइप क्लिपांच्या जागी गंजतात. मागच्या चाकावरचं प्लॅस्टिक काढून पेट्रोल भरायच्या तोंडापासून खाली येणारा गळा तिथे बघा. पेट्रोल भरतानाच ठिबकत असेल तर गंज तिथेच आहे. दुसरं दुखणं उंदरांचं. उसाच्या पट्ट्यात शेताकडेला उभ्या राहणाऱ्या गाडीत बॉनेटखालचे पाइप कुरतडलेले सापडतात. दातांच्या खुणा दिसल्या तर वायरिंगही तपासून घ्या. गळतं पेट्रोल आणि सोललेली तार शेजारी शेजारी असणं धोक्याचं.

वासाचं कारण गाडी नसून डिकीत सांडलेला कॅन असेल, म्हणजे फवारणी पंपाचं नाहीतर जनरेटरचं पेट्रोल, तर कार्पेट वरून धुऊन काही होत नाही. खालचा फोम काढून उन्हात टाकावा लागतो. कोळशाच्या पिशव्या आणि खायचा सोडा त्यानंतर. चारकोलचा केबिन फिल्टर वास कमी करतो, पण गळती शोधून झाल्यावरच बसवा, नाहीतर तोही परफ्यूमच्याच रांगेतला.

काम झाल्यावर चावी तीन-चार वेळा ऑन करून पंपाला दाब भरू द्या आणि प्रत्येक जोडणी टिश्यूने पुसा. टिश्यू कोरडा निघाला पाहिजे. मग टाकी कटपर्यंत भरून गाडी दोन तास उन्हात लावा आणि पुन्हा हुंगा. मजुरी ठरवताना टाकी उतरवावी लागणार का ते आधी विचारा, कारण काही गाड्यांत सीटखाली झाकणच नसतं. उतरवायचीच असेल तर रिंग, वरचे सगळे बाष्पाचे पाइप आणि गळ्याचा जाड पाइप एकाच खेपेला बदलून घ्या. मजुरी तीच पडते.